नंबर जुळला होता

तो गुन्हा मी विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र बराच केला. नोकरीत असताना कामाच्या रेट्यात ते जमल्यासारखे वाटे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो आणि जमेनासे झाले. कागदोपत्री पाहाल तर त्यात माझ्याविरुद्ध काहीच नाही. गुन्हा चौथ्या दिवशी उघडकीस आला, मुद्देमाल पूर्ण मिळाला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. नुकसान झाले ते सतरा वर्षांच्या एका मुलीचे, आणि ते चोराने केले नाही. मी केले.

कोणाचेही नाव लिहिणार नाही, गावही सांगणार नाही. जुन्नर-आंबेगावातल्या काही वाचकांना ओळख पटेल. पटली तर मनात ठेवावी, एवढी विनंती.

त्या वेळी मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. हद्दीतून हमरस्ता जात असल्यामुळे आमचे दिवस अपघात, ट्रकमधली डिझेलचोरी आणि हॉटेलांतली भांडणे यांतच जायचे. कुठे बिबट्या दिसला की वनखात्याचे लोक येईपर्यंत गर्दी आवरायला जावे लागे. सिनेमाशी संबंध यायचा तो बंदोबस्तापुरता.

पण तो नट आमच्याच भागातला होता. ओतूरकडच्या एका शेतकरी घरातला मुलगा, मुंबईला गेला, पाच-सहा वर्षांत त्याचे नाव घरोघरी झाले आणि तिशी गाठायच्या आत आजारपणात गेला. आळेफाट्यावरच्या गॅरेजांत त्याचे फोटो कितीतरी वर्षे तसेच होते. मी स्वतः प्रशिक्षणाला जाण्याआधी त्याच्यासारखे केस ठेवले होते. तो गेल्यावर सोळा वर्षांनी पुण्याच्या एक दिग्दर्शिका त्याच्यावर माहितीपट करायला आल्या. बरोबर दोन मदतनीस, भाड्याची एक जीप, आणि मुक्काम आळेफाट्याजवळच्या लॉजवर.

एका सकाळी त्या बाई ठाण्यात आल्या. आदल्या दिवशी सगळे आहुप्याला गेले होते. नटाचे पहिले गाणे तिथल्या कड्यावर चित्रित झाले होते, ती जागा त्यांना घ्यायची होती. संध्याकाळी परतले तर खोलीतली बॅग उघडी होती आणि हार्ड डिस्क गेली होती. नटाच्या घरी आधीचे चार दिवस केलेले सगळे चित्रण तिच्यात होते.

"आणखी काय गेलं?" मी विचारले.

"काही नाही. दुसरा कॅमेरा आहे, लेन्सा आहेत, लॅपटॉप आहे. सगळं जागेवर."

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. ते म्हणाले, "बाई, कॅमेरा ठेवून नुसती डबी नेली? चोर शिकाऊ दिसतोय."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डिस्कचे रिकामे खोके आणले होते, त्यावर कंपनीने छापलेला नंबर होता. तो मी फिर्यादीत लिहून घेतला. चोराने काय नेले यापेक्षा काय सोडले हे आधी पाहावे, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी मी ते पाहिले आणि त्यावर विनोद ऐकला.

दुपारी खबर आली. गॅरेजवरच्या आमच्या खबऱ्याने सांगितले की बाईंच्या जीपचा ड्रायव्हर आदल्या दिवशी नारायणगावात मोबाइलच्या दुकानात काहीतरी विकत होता. हा ड्रायव्हर आमच्या रेकॉर्डवर होता. सहा वर्षांपूर्वी डिझेलचोरीत सापडला होता. त्या दिवशी त्याने मंडळींना सकाळी आहुप्याला सोडले आणि थेट संध्याकाळी न्यायला गेला. मधल्या वेळात तो कुठे होता हे बाईंना माहीत नव्हते. आमच्याकडे काम असेच चालायचे. चोरी झाली की आधी रेकॉर्डवरचा माणूस उचलायचा, विचार नंतर करायचा.

"कुठं होतास दिवसभर?"

"नारायणगावात. टेप इकला, गाडीतला जुना."

"हार्ड डिस्क विकलीस."

"ती कशी असती त्ये बी मला ठावं न्हाई. दुकानदाराला इचारा की राव, फोन लावा."

मी फोन लावला नाही. पट्टा काढला. दुकानदाराकडे माणूस पाठवला तो दुसऱ्या दिवशी, आणि त्याने टेप काढून दाखवला. ठाणे दैनंदिनीत नोंद झाली ती अशी: चौकशीकामी बोलावून समज देऊन सोडले. ड्रायव्हर लंगडत पायरी उतरला आणि मागे वळून म्हणाला, "साहेब, एकडाव डिझेल चोरलं त्ये खरं. पर तुमी मला दर साली नवी चोरी करायला लावताय."

त्याची माफी मी पुढे मागितली. तो "जाऊ द्या" म्हणाला. पोलिसाला लोक दुसरे काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी मी बाईंना पुरवणी जबाबासाठी बोलावले. परत आल्यावर खोलीत काय काय दिसले ते एकेक सांगा, म्हटले. त्या सांगत गेल्या. टॉवेल, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, टेबलावर डबा.

"डबा कसला?"

"त्या नटाच्या घरचा. त्याच्या आई, म्हणजे आजी, रोज पाठवायच्या ना. भाकरी, पिठलं, ठेचा. तुम्ही आमचे पावणे, हॉटेलात जेवायचं नाही, असा त्यांचा हट्टच होता. त्या दिवशीही आला होता."

"त्या दिवशी तर तुम्ही आहुप्याला होता."

"हो की. आदल्या दिवशीच सांगितलं होतं आम्ही, उद्या डबा नको म्हणून."

नको म्हटलेल्या दिवशी डबा आला होता. मी लॉजच्या मॅनेजरला बोलावले. तो म्हणाला, "रोजच येतात ते भाऊ. मीच चावी दिली. डबा घेऊन आलेल्या माणसाला काय विचारायचं, साहेब?"

डबा आणणारा माणूस म्हणजे नटाचा थोरला भाऊ. टोमॅटो आणि कांदा करणारा, ग्रामपंचायतीत कधी न पडलेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. आम्ही निरोप पाठवला, चहाला या. तो दुपारी आला. फवारणी अर्धी टाकून आला होता, हाताला औषधाचा वास होता. खुर्ची दिली तरी बाकावरच बसला.

"भाऊ, सोमवारी लॉजवर डबा कशाला नेला?"

"घेतली साहेब. मीच घेतली ती."

मी अजून डिस्कचे नावही काढले नव्हते. विचारण्याआधी कबूल होणारा माणूस बहुधा चोरीपेक्षा मोठे काहीतरी झाकत असतो, हे मला अनुभवाने माहीत होते. हवालदार म्हणाले, "अवो, सख्खा भाऊ हिरो तुमचा. पिक्चर बघायचा तर मागून घ्यायचा की!"

तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय."

मी हवालदारांना बाहेर पाठवले. मग त्याने सांगितले ते असे. नट वारला तेव्हा त्याला एक वर्षाची मुलगी होती. लग्न झालेले नव्हते. मुलीची आई तिला यांच्या हवाली करून आपल्या वाटेने गेली. हे घरच्या तिघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

"दहाव्याला कावळा शिवंना," तो म्हणाला. "बारा वाजलं, एक वाजला. घाटावर ही गर्दी. लोकं पिंडापुढं हात जोडून काय काय बोलत व्हती. कोन म्हनं अर्धा ऱ्हायलेला पिक्चर पुरा करू, कोन म्हनं पुतळा बसवू. कायबी उपेग न्हाई. मंग मी वाकलो अन् हळूच म्हनलो, तुझी पोर ती माझी पोर, कुनाला कळू देनार न्हाई. तवा शिवला. आई शेजारी व्हती, तिनं तेवढं ऐकलं."

तेव्हा तो वाशीच्या बाजारात माथाडी कामगार होता. दोन वर्षांनी नोकरी सोडून गावी आला तो बायको आणि कडेवरची मुलगी घेऊन. गावाने त्यांचीच मुलगी धरली. आता ती ओतूरच्या कॉलेजात बारावीला होती.

"आता त्या बाईनं आईला इचारलं, दहाव्याला काय झालं व्हतं? अन् आईनं समदं सांगून टाकलं, पोरीच्या नावासकट. म्हातारीला कॅमेऱ्याचं भान ऱ्हातंय व्हय? मला ते राती कळलं. साहेब, फेब्रुवारीत परीक्षा हाये तिची. ती झाली की मीच सांगनार व्हतो. बायकोशी बोलनं झालंय माझं. पिक्चरमधनं कळाय नको, एवढंच."

"मग फोडून का नाही टाकली?"

"फोडवंना. त्याची लहानपनची शूटिंग हाये त्यात, कुनी जुनी घेतलेली. आईचा आवाज हाये. हातुडा घेतला व्हता हातात."

त्याच दिवशी पंचांसमक्ष त्याने डिस्क काढून दिली. कांदा साठवायच्या बराखीत, खालच्या थरात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. माझ्या हातात देताना म्हणाला, "घ्या. पर लावू नका साहेब. एवढं ऐका माझं."

आमचे पंच म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला आणि शेजारचा झेरॉक्सवाला. कायद्याला परिसरातले प्रतिष्ठित लोक हवे असतात, आम्हाला हाक मारल्यावर येणारे. कुठलाही पंचनामा असो, सह्या याच दोघांच्या. ठाण्यात परत आल्यावर मी डिस्क टेबलावर ठेवली, फिर्याद काढली आणि नंबर ताडून पाहिला. नंबर जुळला होता. अंक न् अंक.

पंचनामा तिथे संपत होता. लाखेचे सील, सह्या, मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात, झाले. आत काय आहे याची ओळख पटवायची असती तर फिर्यादी बाई दुसऱ्या दिवशी येणारच होत्या.

मी डिस्क लॅपटॉपला लावली.

'मुद्देमाल तोच असल्याची खात्री करणे आवश्यक' असे मी मोठ्याने म्हणालो. आज कबूल करतो, ते खरे नव्हते. मला बघायचे होते. ज्याच्यासारखे केस मी ठेवले होते त्याच्या घरातली गोष्ट मला एकट्याला कळली होती, आणि ती डोळ्यांनी पाहायची होती. खोलीत सगळ्यांनाच बघायचे होते. हवालदार आले, कॉम्प्युटरवरचा शिपाई आला, वायरलेसवाला दारात उभा राहिला. आधी नटाच्या लहानपणीचे जुने चित्रण आले, सगळे खूश झाले. मग त्याची आई आली, चुलीपुढे बसलेली. ती दहाव्याचे सांगू लागली. चहावाल्याच्या हातात ग्लास होते, ते तसेच राहिले. बंद करायला एक बटण पुरे होते. मी ते दाबले नाही.

भाऊ पलीकडच्या खोलीत बाकावर होता. दार उघडे होते. आईचा आवाज त्याला ऐकू जात होता हे मला माहीत होते. मी डोकावलो तेव्हा तो दोन्ही हात मांड्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

त्यावर कडी म्हणजे मी तो मजकूर पंचनाम्यात घेतला. सदर चित्रणातील वृद्ध महिला असे सांगते की, इथून सुरुवात करून शेवटपर्यंत, मुलीच्या नावासह. पक्के काम करतो आहोत असे मला वाटत होते. सह्या झाल्यावर पंचांना बजावले, बाहेर बोलायचे नाही.

"छ्या, साहेब. आमी कशाला बोलू?" चहावाला म्हणाला.

माझ्या बजावण्यामुळेच त्याला कळले असावे की ही बोलण्याजोगी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक मुलगी एकटीच ठाण्यात आली. कॉलेजचा गणवेश, पाठीला दप्तर. सकाळच्या एस्टीत मागच्या सीटवरच्या मुलींकडून तिला कळले होते. त्या फोनमध्ये नटाचा फोटो आणि तिचा चेहरा लावून बघत होत्या, नाक सारखे आहे का म्हणून.

"पप्पांना कुठं ठेवलंय?"

"कोर्टात नेलं आहे. आजच जामीन होईल, काळजी करू नकोस."

"त्यात आजी काय बोलली ते मला बघायचंय."

"ते सील झालं आहे. त्याला कोर्टाची परवानगी लागते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे चहावाल्यानं बघितलं तर चालतं, अन् मला परवानगी लागती?"

नियम मी बरोबर सांगितला होता. तिने दप्तराचा पट्टा सारखा केला आणि कोर्टाचा रस्ता विचारला. मी गाडी देतो म्हणालो. ती नको म्हणाली आणि चालत गेली.

दुपारी बाई आल्या. मी त्यांना सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो साहेब, ते मी ठेवणारच नव्हते! आजी बोलून झाल्या आणि त्यांनाच भान आलं. हे राहू दे गं बाई, म्हणाल्या. मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय, हा भाग पुसायचा. पुण्याला जाऊन पुसणार होते." त्यांनी वही दाखवली. तारीख होती, खाली रेघ मारलेली होती.

म्हणजे बाई बोलणार नव्हत्या, आजी पुन्हा बोलणार नव्हती, भावाने तर त्यासाठी चोरी केली होती. सगळे जण जपत होते. उघड केले ते फक्त आम्ही, आणि तेही गुन्हा उघडकीस आल्यावर, गरज संपल्यावर.

बाईंनी कोर्टात तडजोड दिली, प्रकरण मिटले. डिस्क त्यांना परत मिळाली. माहितीपट पुढच्या वर्षी आला. मी तो घरी एकट्याने पाहिला. त्यात आजी आहे, भाकरी थापताना. दहाव्याबद्दल एक शब्द नाही. मुलगी त्या फेब्रुवारीत परीक्षेला बसली नाही. तिचे एक वर्ष गेले. घरात काय बोलणे झाले, कोण रडले, हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याचा मला अधिकारही नाही.

तपासाला जे लागते ते एक, आणि आपल्याला जे बघावेसे वाटते ते दुसरे. अंगावर वर्दी असली की दोन्ही एकच वाटू लागतात, कारण अडवणारे कोणी नसते. दार उघडायला सांगितले की लोक उघडतात, कपाट म्हटले की कपाट उघडतात, आणि आपण त्याला झडती म्हणतो. त्या गुन्ह्यानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी कोणाचा फोन, वही, पत्र हातात घेतले की स्वतःला विचारत असे, हे कशासाठी? कितीतरी वेळा वस्तू तशीच सील केली. त्याने आधीचे भरून निघत नाही. ड्रायव्हरच्या पाठीवरचे वळही निघत नाहीत.

हा लेख लिहावा की नाही, हा माझ्यापुढे खरा प्रश्न होता. पुन्हा एकदा तिचीच गोष्ट चार लोकांत नेणे, तेही माझे मन हलके करण्यासाठी, हे मला बरे वाटेना. म्हणून मागच्या महिन्यात तिला भेटलो. ती आता घोडेगावला एका दवाखान्यात परिचारिका आहे. ड्यूटी संपायची वाट बघत बाहेर थांबलो. तिने ओळखले.

"तुम्ही बारीक झालात," म्हणाली. मग, "काय काम काढलं?"

मी सांगितले. माफी मागितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"लावायची गरज होती का?" तिने विचारले.

"नाही. नंबर जुळला होता."

"हं." ती रस्त्याकडे बघत होती. "मला कळलं याचं नाही वाईट वाटत. कधीतरी कळणारच होतं. पप्पा ते कसं सांगणार होते, ते मला ऐकायचं होतं. कुठं बसवून सांगितलं असतं, सुरुवात कशी केली असती. आता विचारलं तर म्हणतात, तुला तर ठाऊकच हाय. अन् उठून शेतात जातात."

लिहू का, हे पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही. तिनेच विषय काढला.

"लिहा तुम्ही. नावं घालू नका. पण एक दुरुस्ती करा. तुमच्या पंचनाम्याची नक्कल मी कोर्टातून काढली होती. त्यात लिहिलंय, मयत अभिनेता हे सदर मुलीचे वडील. ते चूक आहे."

"मग कसं लिहू?"

"तुम्हाला माहिताय ते," ती म्हणाली आणि एस्टी आली म्हणून निघाली.

पंचनाम्यात आता बदल करता येत नाही. म्हणून ही दुरुस्ती इथे नोंदवतो. सदर मुलीचे वडील हयात आहेत. व्यवसाय शेती.